काचेची मंडई

मावशीच्या घरी सकाळ दोन आवाजांनी उजाडायची. एक, ती बुद्धमूर्तीपुढे अगरबत्ती लावून वंदना म्हणायची तो. आणि दुसरा, वंदना संपते न संपते तोच अंगणातल्या दोरीवरचे कपडे फाडफाड झटकायची तो. चंद्रपुरात रात्रभर दोरीवर राहिलेला कपडा सकाळी जसाच्या तसा कधी मिळत नाही. कोळशाची बारीक काळी भुकटी त्यावर बसलेली असते. पांढऱ्या कपड्यावर तर बोटाने नाव लिहावं इतकी. मावशी झटकताना खाणींना, वीज केंद्राला आणि वाऱ्याला आळीपाळीने शिव्या घालायची. "लाईट साऱ्या देशाले अन् राख आमाले," हे तिचं ठरलेलं वाक्य. मग तांदळाच्या भाकरी थापल्याचा आवाज, लाखोळीच्या वरणाला लसणाची फोडणी आणि त्या फोडणीत मिसळलेला अगरबत्तीचा वास. आजही कुठे लसूण तडतडला की मला चंदन आठवतं. माझी मुलगी म्हणते, आई, तुझं नाक बिघडलंय. बिघडलेलं नाही, ते मावशीच्या स्वयंपाकघरातून अजून परतच आलेलं नाही.

या काळ्या भुकटीनेच मला नोकरी दिली म्हणायला हरकत नाही. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावातून मी शिकायला मावशीकडे आले, बी.ए. झाले, आणि आता घरी परत जायचं असं ठरत होतं तेव्हाच शहरात एक मोठा मॉल उभा राहिला. खाली एक मजला, वर एक, बाहेरून निळी काच आणि आत, कुणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे, पांढरीशुभ्र फरशी. ज्याने ती निवडली त्याने चंद्रपुरात एकदाही टॉवेल वाळत घातला नसणार. दार उघडल्यावर बघता बघता तिच्यावर काळ्या पावलांची नक्षी उमटायची आणि ती पुसायला माणसं लागायची. त्यांतली एक मी. निळा पोशाख, केसांना जाळी, हातात लांब दांड्याचा मॉप. मावशीला वाटलं, बी.ए. झालेली पोरगी फरशी पुसायला लागली म्हणून मी रडेन. पण खरं सांगते, मी हरखून गेले होते. सकाळी दुकानं उघडायच्या आधी एकेक करून दिवे लागायचे, थंड हवेचं यंत्र घुर्र करून सुरू व्हायचं, ओल्या फरशीत ते सगळे दिवे उलटे दिसायचे आणि त्या दिव्यांमधून मी चालत असायचे. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. रोज पाहत होते आणि रोज पोटात गुदगुल्या होत होत्या.

सगळ्यांत आवडायचं ते काचा पुसणं. आमचे लोक काचेपलीकडची वस्तू लांबून पाहत नाहीत. दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला धरतात, कपाळ काचेला टेकवतात आणि मग निवांत पाहतात. आणि डोक्याचं तेल कपाळावर उतरलेलं असतंच. त्यामुळे सकाळी दुकानांच्या काचांवर कपाळांचे गोल तेलकट डाग असायचे, खाली मुलांच्या नाकांचे, मधे बायकांचे, वर पुरुषांचे. खोबरेल कुठलं आणि आवळ्याचं कुठलं, हे मला वासावरून सांगता यायला लागलं होतं, आणि या विद्येचा मला फार गर्व होता. बुटांच्या दुकानापुढे थोडे डाग, खेळण्यांच्या दुकानापुढे नाकंच नाकं, आणि साड्यांच्या दुकानाची काच तर फोडणी दिल्यासारखी. पुसताना मला आदल्या दिवशीची सगळी गर्दी पुन्हा भेटायची.

पण हे खालच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावरच्या काचांवरून फडकं नेलं की ते जसं गेलं तसंच कोरडं परत यायचं. कारण सरकता जिना. लोक त्याच्यापाशी यायचे, एक पाय पुढे करायचे, पायरी निसटून वर जायची, पाय मागे. मग एकमेकांकडे पाहून हसायचे आणि खालीच आणखी एक फेरी मारून घरी जायचे. साधा जिना होता, पण आग लागली तर पळायला म्हणून मागे एका जड दाराआड. लिफ्ट होती, तर तिचं दार मिटताना पाहून बायका मुलांना मागे ओढायच्या. आणि खाली बसायला एक बाक नव्हता. बसलेलं गिऱ्हाईक विकत घेत नाही, असं नकाशा काढणाऱ्यांचं मत होतं म्हणे. वर खाण्यापिण्याचा मोठा हॉल होता, खुर्च्या-टेबलांचा, पण तिथे एक चहा-डोशाचं दुकान सोडलं तर कुणी आलंच नव्हतं. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं. चहावाला दिवसभर स्वतःच्याच हातचा चहा पीत बसायचा. आता मॉलमध्ये गेले की मी आधी बाक शोधते आणि मग दुकानं. चाळिशी डोळ्यांना लागते म्हणतात, मला ती गुडघ्यांनाही लागली आहे.

आमच्या मॅनेजर होत्या केतकी मॅडम, नागपूरच्या. कमरेला वॉकीटॉकी, हातात रुमाल, आणि नजर अशी की काचेकडे तिरपं पाहून डाग पकडायच्या. "काच दिसायला लागली म्हणजे ती मळली," असं त्या म्हणायच्या. बोलायला कडक, पण खोटं बोलायच्या नाहीत. एक दिवस त्यांनी आम्हा सगळ्या नव्या मुलींना उभं करून सांगितलं की वरचे दुकानदार सोडून जायच्या गोष्टी करत आहेत, मालक येऊन पाहणार आहेत, आणि वरचा मजला चालला नाही तर तो बंद करतील. मजला बंद झाला तर निम्म्या मुली घरी. कोण कायम होणार हे मालक आल्यावर ठरेल. मी सगळ्यांत शेवटी लागलेली, म्हणजे जाणाऱ्यांत माझा नंबर पहिला, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि घरी म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. बाबा कमी बोलणारा माणूस. थोडी धानाची शेती, बाकी दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की धान घरी येईपर्यंत पाहतो, पक्की नोकरी झाली तर राहा, नाहीतर परत ये. गडचिरोलीकडचं एक स्थळ थांबलेलं होतं. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. मला फक्त त्या दिव्यांमधून चालणं सोडायचं नव्हतं. आईने ताटात वडे वाढताना दोन जास्त टाकले. आमच्याकडे हे बोलण्यापेक्षा जास्त असतं.

दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, ढोलांचा कडकडाट, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग, गोडशेवेच्या परातींवर घोंघावणाऱ्या माश्या, आणि घरोघरी तेलात फुगणारे वडे आणि रटरटणारं मटण. ज्या गावची मंडई, त्या गावच्या प्रत्येक घरी पाहुणे. बोलावणं तोंडी. एका घराला 'मंडईले या' म्हटलं की ते सगळ्या गावाला म्हटल्यासारखं. पाहुण्याने शेतातलं काहीतरी घेऊन यायचं, यजमानाने त्याला बसवायचं, जेवू घालायचं आणि मंडई फिरवून दाखवायची. पाहुण्याने तिथून काहीतरी विकत घ्यायचंच, मग ती एक शिट्टी का असेना; रिकाम्या हाताने गेला तर यजमानाचा अपमान. आणि निघताना तो म्हणतो, 'पुढच्या मंडईले येतो.' हे वाक्य कानावर पडलं की यजमान सुटला. एकदा आईच्या हातून मटण खारट झालं आणि आत्याच्या सासरची माणसं ते वाक्य न बोलताच गाडीत बसली. आई पुढे वर्षभर मिठाच्या डब्याकडे रागाने बघत होती.

त्या वर्षीच्या मंडईत मी आईच्या रोवण्याच्या बायांमध्ये बसले होते. पावसाळ्यात धानाची रोपं लावायला बायांची एक टोळी बांधीत, म्हणजे चिखल केलेल्या शेतात, उतरते. आमच्या टोळीची म्होरकी माझी आई. बाया विचारत होत्या आणि मी सांगत सुटले होते. पांढरी फरशी, वर जाणारा जिना, भिंतीएवढ्या काचा. सांगता सांगता मलाच चेव आला आणि म्हणाले, या ना एकदा सगळ्या, माझा मॉल दाखवते, पाहुणचार करते. शहरात राहून मी हे असंच म्हटलं, शहरात म्हणतात तसं. त्यांनी मात्र ते आमच्या गावात ऐकतात तसं ऐकलं.

धान घरी आलं आणि त्याच्या पुढच्या रविवारी, दुसऱ्या दिवशी मालक येणार म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या आधीच स्वच्छ असलेल्या काचा पुन्हा पुसत होते, तेव्हा दारावरच्या गजूभाऊंचा वॉकीटॉकीवर आवाज आला. ते म्हणाले, सुजाता, खाली ये, तुझं गाव आलंय. मला वाटलं थट्टा करतात. कठड्यावरून खाली पाहिलं तर पांढऱ्या फरशीच्या मधोमध माझं गाव उभं होतं. दोन पिकअप भरून आलेल्या बाया, गडी, काखेतली पोरं, हातात गाठोडी, वेताच्या टोपल्या, शिंगाड्यांची पिशवी, माझ्या वतीने आईनेच रांधलेली, झाकलेली पातेली. सगळ्यांत मागे खांद्यावर नव्या तांदळाची थैली घेऊन बाबा. बाबा कुणाच्या मंडईला कधी जात नसत. हातातलं फडकं मी कठड्यावरच टाकलं, आणि त्या क्षणी मला भीती वाटली की आनंद झाला हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. दोन्ही झालं.

मी आग लागली तर पळायच्या जिन्याने धावत खाली गेले. गजूभाऊ बिचारे पातेल्यांकडे आणि पाटीकडे आळीपाळीने पाहत होते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत, असं पाटीवर होतं. बाया त्यांना समजावत होत्या की आम्ही बाहेरचे नाही, सुजाच्या मंडईचे पाहुणे आहोत. आई मात्र फरशीकडे, भिंतींकडे, छताकडे पाहून माझ्याकडे वळली.

"काऊन वं सुजा, एवढी मोठी मंडई भरवली, अन् पाहुण्याले बसाले जागा नाई?"

कुणी उत्तर देईपर्यंत एका काकूने चादर झटकून फरशीवर अंथरली. दुसरीने पातेल्याचं झाकण काढलं. वड्यांचा वास थंड हवेत असा पसरला की साड्यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. आणि नेमक्या त्याच वेळी गर्दीतून वाट काढत केतकी मॅडम आल्या. त्यांनी चादर पाहिली, पातेली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की या सगळ्यांना तू बोलावलंस का. हो म्हटलं तर नोकरी जाते, नाही म्हटलं तर गाव जातं. बाबा मागून पाहत होते. मी हो म्हटलं. कशाला, असं त्यांनी विचारलं. मंडईला, मी म्हणाले, आणि म्हटल्यावर ते मलाच किती वेडं वाटलं ते काय सांगू.

मॅडमनी मान वर करून वरच्या मजल्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाल्या, "माझं आजोळ भंडाऱ्याकडचं. मंडईचा पाहुणा दारातून परत पाठवत नाहीत, एवढं मलाही माहीत आहे. पण इथे पंगत बसली आणि कुणी मालकांना फोटो पाठवला, तर तूही जाशील आणि मीही. वर हॉल रिकामा आहे. सगळ्यांना वर ने."

वर. ज्या जिन्यावर चंद्रपूर शहर चढत नव्हतं, त्याच्यावर मला आमचं गाव चढवायचं होतं. लिफ्टमध्ये चार-चार जणांना कोंबत बसले असते तर वडे गार झाले असते, आणि कोंबून घ्यायला तयार होतं कोण. मागच्या जिन्याने नेऊ म्हटलं, तर आई म्हणाली की पाहुणा मागच्या दाराने नेतात का कुठे. मग ती सरकत्या जिन्यापुढे जाऊन उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, बांधीत उतरायच्या आधी पाण्याची खोली पाहतात तशी पाहत राहिली. पायऱ्या येत होत्या, जात होत्या. तिने मान डोलावली, लुगड्याचा घोळ गुडघ्यापर्यंत वर घेऊन कमरेला घट्ट खोचला आणि मागे वळून बायांना हाक दिली.

"ही बांधीच होय, सरकते एवढंच. पदर खोचा. उजवा पाय आंधी, अन् मांगं पाहू नका."

बायांनी खसाखस पदर खोचले. लुगडी जिन्याच्या दातांत अडकतील ही गजूभाऊंची रोजची धास्ती. एकही काठ खाली लोंबत नव्हता. मॅडम स्वतः जिन्याच्या लाल बटनावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आईने रोवण्याच्या वेळी देते तसा लांब सूर दिला, "हं... टाक." तिचा पाय पडला आणि ती वर जायला लागली, सरळ, डोक्यावर टोपली, एका हातात शिंगाडे. मागची बाई त्याच सुरावर. तिच्यामागची त्याच्यापुढच्या सुरावर. आई वरून ओरडत होती, उतरताना पाय उचला, चिखलातून काढता तसा. ओळ तुटली नाही. बांधीत मागे मागे सरकणारी ती ओळ मी लहानपणापासून पाहिली होती. या वेळी ती पुढे जात होती, वर जात होती, आणि मी खाली उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होते आणि रडत होते. पाहणारे टाळ्या वाजवायला लागले. मग गडी लाजत लाजत पायजमे वर करून चढले, आणि त्यांच्या मागे, मी डोळ्यांनी पाहिलं, चंद्रपूरच्याच एका बाईने भरजरी साडीचा पदर खोचला आणि नवऱ्याला म्हणाली, चला.

खाली राहिले बाबा. तांदळाची थैली खांद्यावर, आणि फरशीवर उमटलेल्या आपल्याच काळ्या पावलांकडे पाहत एका जागी खिळलेले, आणखी डाग नकोत म्हणून. मी त्यांच्यापाशी गेले.

"ही फरशी तूच पुसतेस?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. "चाला बाबा, तुम्ही मळवली तरच मले काम हाय."

बाबा हसले. ते क्वचित हसत, आणि हसले की त्यांचे खांदे हलत. थैलीतले तांदूळ खुळखुळले. मग त्यांनी मोकळा हात माझ्या खांद्यावर ठेवला. चिखलातल्या निसरड्या बांधावरून ते मला नेत तेव्हा माझा हात त्यांच्या बोटाला असायचा, आणि आता त्यांचं सगळं वजन माझ्या खांद्यावर होतं. ते वजन मला इतकं गोड लागलं की वर पोचूच नये असं वाटलं. पण जिना सरकता, त्याला कुठे कळतं.

वर प्लॅस्टिक निघालं, खुर्च्या जोडल्या गेल्या आणि पंगत बसली. चहावाल्याचं दूध संपलं, त्याने खालून मागवलं, तेही संपलं. त्याला आईने जबरदस्तीने वडे खाऊ घातले, मॅडमना घातले, त्या भरजरी साडीच्या बाईलाही घातले. जेवण झाल्यावर मी यजमानासारखी सगळ्यांना घेऊन फिरले. दुकानदार दारात येऊन उभे राहिले, आणि रिकाम्या हाताने जायचं नाही हे तर ठरलेलंच. कुणी केसांच्या पिना घेतल्या, कुणी पोराला टोपी, कुणी स्टीलचा डबा, आणि आईने बराच वेळ घासाघीस करून एक चिमटा, ज्याची घरी काही गरज नव्हती. दुपारभर खालून माणसं वर येत राहिली. एकदा चढलेला माणूस दुसऱ्यांदा मजेसाठी चढतो, हे त्या दिवशी कळलं.

ऊन उतरलं तशी पाहुण्यांची निघायची गडबड सुरू झाली. उतरायला त्यांना आग लागली तर पळायचाच जिना बरा वाटला. मागच्या दाराने निघायला आईची हरकत नव्हती. मी फडकं घेतलं, कारण वरच्या काचा. त्यांच्यावर आज कपाळंच कपाळं होती. खोबरेल, आवळा, जवसाचं सुद्धा, नाकं, हातांचे पंजे, एकावर एक. पुसायला हात उचलला तर मॅडम मागे उभ्या होत्या. त्या तिरप्या होऊन काचेकडे पाहत होत्या, रुमाल मुठीत गच्च धरलेला.

"आज पुसू नको," त्या म्हणाल्या. "उद्या मालकांना हे दाखवते, आणि तुलाही सोबत उभी करते. वरचा मजला आता तुझ्याकडे राहील, हे मी बघते. जा, पाहुण्यांना पोचव."

मी धावले. पिकअप सुरू झाल्या होत्या. बाया मागे दाटीवाटीने बसलेल्या, आईने चिमटा छातीशी धरलेला. बाबा दुसऱ्या गाडीत चढत होते. मला त्यांना मॅडम काय म्हणाल्या ते सांगायचं होतं, पण धाप लागलेली, शब्द बाहेर पडेना. बाबांनी माझ्या हातातल्या कोरड्या फडक्याकडे पाहिलं, वर निळ्या काचेकडे पाहिलं. त्या थांबलेल्या स्थळाचं, परत येण्याचं, ते काही बोलले नाहीत. मुलीशी बोलतात तसे नाही, यजमानाशी बोलतात तसे हात जोडले.

"पुढच्या मंडईले येतो मग," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.